एकोणीस हजर

तुम्ही एकोणीस मेलेल्या माणसांना खोटं ठरवलंत आणि त्यांच्याबरोबर एका बाईचा आवाज गाडून टाकलात.

हे वाक्य बाबालाल शिकलगारनं गेल्या महिन्याभरात तीसेक वेळा तरी लिहिलं असेल. मोबाईलवर कंपनीला करायच्या अर्जाचा एक चौकोन होता. चौकोनाच्या डोक्यावर छापलेलं, 'काय झालं ते थोडक्यात सांगा.' पायाशी आकडा: पाचशे. म्हणजे पाचशे अक्षरं. सोळा वर्षांचा पसारा पाचशे अक्षरांत सांगा म्हणे. लग्नाच्या पत्रिकेत नुसत्या मामांची नावं यापेक्षा जास्त जागा खातात. बाबालाल लिहायला लागला की आकडा खाली खाली यायचा, शून्यावर आला की बोट अडकायचं. मग तो सगळं पुसायचा आणि पहिलं वाक्य तेवढं ठेवायचा.

चौकोनाखाली टिक करायची एक बारकी चौकट होती. तिच्यासमोर लिहिलेलं, 'वरील खात्यांशी माझा संबंध नाही.' टिक केली तर अर्ज लगेच तपासायला जाणार. न करता पाठवला तर तो कुठं जाणार, कोण वाचणार, वाचणार तरी का, यावर कंपनी गप्प होती. अर्ज एकदाच करता येणार होता आणि मुदत तीस दिवसांची.

आज तिसावा दिवस होता. रविवार.

बाबालालचं दुकान शाहूपुरीत, एका गल्लीच्या पोटात. पाटी नाही. धंदा एकच, जळालेले स्पीकर दुरुस्त करायचे. स्पीकरच्या पोटात तांब्याच्या तारेची कॉइल असते. आवाज फार चढवला की ती जळते, आणि मग एवढा थोरला भोंगा रिकाम्या टोपलीसारखा पडून राहतो. बाबालाल जळकी तार उकलतो, नवी गुंडाळतो, कागदाचा पडदा चिकटवतो. पस्तीस वर्षं हेच. गणपती महिन्यावर आले की दुकानात पाय ठेवायला जागा नसते. गणपती बसवणाऱ्या तालमींची पोरं अठरा इंची स्पीकर आणून टाकतात आणि सांगतात, चाचा, औंदा समोरच्या तालमीच्या काचा फुटल्या पायजेत. बाबालाल मान डोलावतो. ज्या आवाजाचा त्याला तिटकारा, त्याच्यावरच त्याचं पोट. यात त्याला कधी लाज वाटली नाही. पोटाला कान नसतात.

पण त्याच्या कानाला दुसरंच काही हवं होतं. ते कसं लागलं, ती गोष्ट अशी.

बाबालाल एकवीस-बावीस वर्षांचा असताना एका माणसानं टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकला. बोटीवर काम करणारा माणूस, चार दिवसांत येतो म्हणाला आणि आलाच नाही. चार वर्षं झाली तरी आला नाही. टेपच्या पोटात एक कॅसेट होती, तिच्यावर नाव ना गाव. बाबालालनं टेप चालू होतोय का बघायला बटण दाबलं, तर आतून एक बाई रडली. नाही, गायली. पण त्याला आधी रडल्यासारखं वाटलं, मग भांडल्यासारखं, आणि मग असं वाटलं की ही बाई समोरच्या माणसाची कॉलर धरून हसत हसत त्याचा हिशेब विचारत्येय. एक शब्द कळला नाही. बाबालाल सातवीपर्यंत शिकलेला. इंग्रजी म्हणजे पंखा, फ्यूज, वोल्टेज. तरी त्यानं ती बाजू संपेपर्यंत हातातलं सोल्डरिंगचं काम खाली ठेवलं होतं.

पुढं पंधरा-वीस वर्षांनी नेट कॅफेत बसून शोधताना त्याला कळलं, याला सोल म्हणतात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, चर्चच्या बाकावर जन्मलेलं आणि तिथून उठून रस्त्यावर आलेलं. कोल्हापुरात हे ऐकणारं दुसरं कुणी असेल असं त्याला वाटत नव्हतं. म्हणून त्यानं कंपनीच्या त्या मोठ्या साईटवर एक ग्रुप काढला. नाव दिलं, 'सोल संगत'. पहिल्या महिन्यात अकरा माणसं आली. अकरा! बाबालाल त्या दिवशी दुकान बंद करून उगाच रंकाळ्यावर दोन फेऱ्या मारून आला.

अकराचे चार हजार झाले. चार हजार माणसं म्हणजे चार हजार डोकी. कुणी सकाळी गुलाबाची फुलं टाकायचं, कुणी प्लॉटची जाहिरात, कुणी केसाच्या तेलाची. दोन डॉक्टर खरं सोल कुठलं यावर सहा महिने भांडले आणि शेवटी एकमेकांच्या डिग्र्या काढल्या. हे सगळं निवडायचं, पुसायचं, समजूत घालायची, कुणाला तरी बाहेर काढायचं, हे काम बाबालालचं. त्याला इंग्रजीत मॉडरेटर म्हणतात. मराठीत काय म्हणायचं यावरही आठवडाभर वाद झाला. तो गडहिंग्लजच्या भाऊसोनं मिटवला. भाऊसो एसटीतनं निवृत्त झालेला कंडक्टर. त्यानं लिहिलं, "पंच म्हणा की. दोघं कुस्ती खेळत्यात आणि ह्यो मधी फिरून फुकटची माती अंगाला लावून घेतोय." तेव्हापासून बाबालाल पंच.

पंचानं एक नेम पाडला. दर रविवारी सकाळी दहाला एकच गाणं टाकायचं. जो जिथं असेल तिथं त्यानं ते त्याच वेळी ऐकायचं आणि खाली 'हजर' लिहायचं, सोबत एक ओळ, की कुठं ऐकलं. शाळेतल्यासारखी हजेरी. नियम एकच, ऐकल्याशिवाय हजर म्हणायचं नाही. इचलकरंजीचा नौमान लिहायचा, 'पाळी सुटली. कानात अजून माग चालू हायती. त्यातनं गाणं वेचून काढलं. हजर.' कुणी लिहायचं, सासरच्यांसमोर हेडफोन लावून पोहे करत्येय, हजर. कुणाच्या घरी मयत असायचं आणि तरी तो बाथरूममध्ये जाऊन ऐकून यायचा. हजर.

बाबालालची बायको हुसेनबी तोवर गेली होती, मुलगी शबनूर लग्न होऊन पुण्याला. घरात दोन भांडी आणि एक माणूस. पण रविवारी दहा वाजता त्याच्याबरोबर सातशे माणसं एकच गाणं ऐकत असायची, आणि ते त्याला माहीत असायचं. एवढ्यावर माणूस आठवडा काढू शकतो. बाबालालनं काढले.

चंदगडकडच्या एका गावात संघप्रियाताई शाळेवर होत्या. इंग्रजी शिकवायच्या. त्यांनी एकदा बघितलं की निम्म्या लोकांना गाण्याचे शब्दच कळत नाहीत, नुसत्या सुरावर माना हलवतात. तेव्हा त्या दर रविवारी गाण्याखाली आपल्या आवाजात अर्थ सांगून ठेवायला लागल्या. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मागं पत्र्यावर पाऊस कोसळत असायचा. तिकडं तो चार-चार महिने थांबतच नाही. त्या पावसाच्या वर आवाज काढून बोलायच्या, म्हणून त्यांचं बोलणं कायम थोडं चढ्या सुरात, वर्गाच्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं.

एकदा त्यांनी सांगितलं होतं, "ही बाई देवाला हाक मारत्येय असं वाटतंय तुम्हाला. नीट ऐका. ती देवाला विचारत्येय, तू होतास कुठं. आमच्या माणसांना देवळाच्या पायरीवर येऊ देत नव्हते, यांना चर्चमध्ये मागं बसवत होते. मागं बसणाऱ्याला मोठ्यानं गावं लागतं."

हे बाबालालला पाठ होतं. असे दोनशे चौदा आवाज होते त्यांचे ग्रुपवर. ते डाऊनलोड करून ठेवावेत असं त्याच्या कधी डोक्यात आलं नाही. पस्तीस वर्षं लोकांचे आवाज दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे सुचू नये! पण आपल्याच घरातल्या भिंती कुणी उचलून दुसरीकडं जपून ठेवतं का?

या 'मागं बसणाऱ्याला मोठ्यानं गावं लागतं' खाली एका पोरानं जातीवरनं एक घाण ओळ लिहिली होती. दुसऱ्यानं पंचाचा धर्म काढला आणि त्याला कुठल्या देशात जावं ते सांगितलं. आपल्याविषयीची बाबालालनं तशीच ठेवली, ताईंविषयीची मिनिटाच्या आत पुसली. पण ताईंनी ती वाचली होती. त्यांनी एवढंच लिहिलं, 'पंच, सवय आहे.' बाबालालनं दोन्ही पोरांची कंपनीकडं तक्रार केली. तीनदा केली. तिन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं, 'हा मजकूर आमच्या नियमांचा भंग करत नाही.'

हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

आता ती चाळीस मिनिटं. हे बाबालालनं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

ताई एकदा प्रशिक्षणाला कोल्हापुरात आल्या होत्या. दुपारी त्यांचा निरोप आला, 'लवकर सुटले. स्टँडवर आहे. दुकान जवळच ना? येऊ का पाच मिनिटं?' बाबालालनं तो आला त्या क्षणी वाचला. मग त्यानं दुकानाकडं बघितलं. खुर्ची एकच, तिचा वेत फाटलेला. अंगावरचा शर्ट डिंकानं माखलेला. चहा सांगावा की सरबत? त्या शिक्षिका, आपण सातवी. ग्रुपवर पंच म्हणून केवढा मान, आणि इथं हा असा. त्यानं 'या' लिहिलं आणि पुसलं. 'या ना' लिहिलं, ते सलगीचं वाटलं, पुसलं. शेजारून खुर्ची आणली. शर्ट बदलला. आणि चाळीस मिनिटांनी 'अवश्य या' असं लिहून पाठवलं तेव्हा त्या चंदगडच्या गाडीत बसल्या होत्या.

त्यांनी विचारलं, 'कामात होता का?'

बाबालालनं लिहिलं, 'निरोप बघितलाच नाही.'

त्या म्हणाल्या, 'बरं.'

निरोप वाचला की त्याखाली खूण उमटते हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. त्यांना दिसली असणार. त्यानंतर त्या कधी 'येऊ का' म्हणाल्या नाहीत. रविवारी मात्र कधी चुकल्या नाहीत, दोन हजार एकवीसच्या एप्रिलपर्यंत. तीन रविवार त्यांचा आवाज आला नाही, आणि चौथ्या रविवारी त्यांचा भाऊ प्रसेनजीत यानं एक ओळ लिहिली, की ताई दवाखान्यातून परत आली नाही.

त्याच्या बरंच आधी भाऊसो गेला होता. पहिला तोच. त्याचा मुलगा दिवस उरकून दुकानात आला आणि एका कागदावर बापाच्या खात्याचा पासवर्ड लिहून देऊन गेला. म्हणाला, बाबांनी सांगितलंय, रविवारी हजेरी चुकवायची न्हाय, पंचाला सांग. त्या रविवारी त्यानं गाणं एकदा आपल्यासाठी ऐकलं. मग भाऊसोच्या खात्यात गेला, गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, शेवटपर्यंत ऐकलं, आणि लिहिलं, 'हजर.' सगळ्या ग्रुपला माहीत होतं भाऊसो नाही. कुणी हरकत घेतली नाही. उलट खाली दीडशे जणांनी हात जोडले.

मग रीतच पडली. माणूस गेलं की घरचे पासवर्ड आणून द्यायचे. कुणी फोनवर, कुणी कागदावर, एका बाईनं तर नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या लाडवांबरोबर पाठवला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते एकोणीस झाले. आणि नियम म्हणजे नियम, ऐकल्याशिवाय हजर नाही. म्हणून बाबालाल रविवारी तेच गाणं वीस वेळा ऐकायचा. एकदा स्वतःसाठी, एकोणीस वेळा त्यांच्यासाठी. दहाला बसायचा तो बारा वाजता उठायचा. भाऊसोसाठी ऐकताना पिपाण्या-भोंग्यांकडं, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनकडं लक्ष द्यायचा, कारण भाऊसोला तेच आवडायचं. लाडूवाल्या बाईच्या नवऱ्यासाठी ड्रम.

फक्त ताईंचा पासवर्ड आला नाही. बाबालालनं मागितला नाही आणि प्रसेनजीतनं दिला नाही. त्यांच्यासाठी पंच हजेरीत नुसतं नाव लिहायचा आणि एक मिनिट पुढं काही लिहायचा नाही. ते एकच रिकामं मिनिट. बाकी सगळे हजर.

पण जिते कमी होत गेले. चार हजार हा नुसता आकडा राहिला. लोकांना दुसरीकडं करमायला लागलं, छोटे व्हिडिओ आले, पंधरा सेकंदांच्या वर कुणाला दम निघेना. गेल्या वर्षी एका रविवारी एकतीस हजर होते, त्यातले एकोणीस बाबालालनं लिहिलेले. यंदा उन्हाळ्यात एका रविवारी एकवीस. एकोणीस मेलेले, एक नौमान आणि एक तो स्वतः. त्या दिवशी बाबालालनं एक आगळीक केली. इतकी वर्षं तो त्यांच्या नावानं नुसतं 'हजर' लिहायचा, त्या दिवशी भाऊसोच्या नावानं एक ओळही लिहिली, 'गडहिंग्लजचा बाजार भरलाय, पिपाणी झकास.' मग दुसऱ्याच्या नावानं त्याला उत्तर दिलं. मग तिसऱ्याच्या नावानं त्या दोघांची थट्टा केली. तासभर ग्रुप पहिल्यासारखा गजबजला. बाबालाल एकटाच हसला आणि मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं. त्यानं ओळी पुसून टाकल्या, हजर तेवढे ठेवले.

पुसलेलं माणसाला दिसत नाही. मशीनला दिसतं. महिन्याभरापूर्वी सकाळी त्यानं मोबाईल उघडला तर ग्रुप नव्हता. नुसती पाटी, 'एकाच ठिकाणाहून अनेक खोटी खाती चालवून हजेरी फुगवल्याचं आढळलं.' जातीवरची शिवी तुमच्या नियमात बसते. मेलेल्या कंडक्टरचं हजर बसत नाही. असली ही तुमची चाळण, दगड ठेवते आणि दाणे फेकते.

शबनूरला फोन केला तर ती म्हणाली, अब्बा, नवा ग्रुप काढा, त्यात काय एवढं. पोरगी वाईट नाही. तिला वाटलं दुकान हलवायचं असतं तसं असेल.

तर तो तिसावा दिवस, रविवार, सकाळचे साडेनऊ. नौमान पाळी बदलून एसटीनं इचलकरंजीहून आला होता. चाळिशीला टेकलेला माणूस, पंधरा वर्षं यंत्रमागावर, डाव्या कानानं जवळजवळ बहिरा. बोलताना उजवा कान पुढं करतो, त्यामुळं कायम काहीतरी गुपित ऐकायला आल्यासारखा दिसतो. ग्रुपचा दुसरा पंच तो. तेरा वर्षांची ओळख, प्रत्यक्ष भेट ही तिसरी. बाबालालनं त्याला शेजारची खुर्ची आणून दिली आणि स्वतः एका उलट्या स्पीकरवर बसला.

नौमाननं अर्जाचा चौकोन बघितला, बारकी चौकट बघितली. मग म्हणाला, "टिक करा की, चाचा. एक टिक हाय. सही न्हाय, शपथ न्हाय."

बाबालाल म्हणाला, खोटं आहे ते.

नौमाननं त्याला समजावलं. जगात कोण खरं लिहितं कंपनीला? तिच्या अटी कुणी वाचल्यात? सगळे 'मान्य' दाबूनच आत जातात, तेही खोटंच की. टिक केली तर ग्रुप परत यायची शक्यता तरी आहे. ग्रुप आला की पहिल्या तासात ताईंचे दोनशे चौदा आवाज उतरवून घेऊ, मग कंपनी गेली उडत. त्यानं पिशवीतून पेनड्राइव्ह काढून दाखवला. नवा घेतला होता.

"मेलेल्यांचा मान राखायला ताईंचा आवाज घालवणार व्हय तुम्ही?" तो म्हणाला. "भाऊसो असता तर त्यानं स्वतः टिक केली असती आणि वर तिकीट फाडलं असतं."

बाबालालला हसू आलं. भाऊसोनं खरंच केली असती. नौमानचं म्हणणं चुकीचं नव्हतंच. हाच तर छळ होता. महिनाभर तो याच जागी येऊन अडकत होता. टिक केली तर कदाचित तो आवाज, तो पाऊस, शेवटच्या बाकाला ऐकू जाणारं ते बोलणं परत मिळेल. नाही केली तर बहुतेक काहीच नाही. याच्याइतका सोपा सौदा दुकानात रोज होतो.

दहा वाजले. इतक्या वर्षांच्या सवयीनं दोघांचेही डोळे मोबाईलकडं गेले. बाबालाल उठला, त्या जुन्या टेपरेकॉर्डरला पिन जोडली आणि ती बिननावाची कॅसेट लावली. मालक येईल म्हणून अजून जपलेला टेप. बाई गायली. नौमान उजवा कान टेपला लावून बसला. गाणं संपलं आणि दोघांनाही कळेना, आता हजर कुठं लिहायचं.

मग बाबालालनं ती चाळीस मिनिटं त्याला सांगितली. खुर्चीची गोष्ट, शर्टाची गोष्ट. खाली मान घालून, हातातली तार गुंडाळत, सरळ सांगून टाकली.

"बगितलाच न्हाय म्हणालो मी ताईंना," तो म्हणाला. "बगितला हुता. एवढं एकच खोटं बोललोय त्यांच्याशी. आणि त्या नुसतं 'बरं' म्हणाल्या. आता त्यांचाच आवाज सोडवायला परत तेच म्हणू? संबंध न्हाय माझा?"

नौमाननं तो पेनड्राइव्ह बोटांत फिरवला. बाहेर कुठल्या तरी तालमीनं स्पीकर तपासायला धाडकन आवाज सोडला, दुकानातले सगळे दुरुस्त-नादुरुस्त पडदे एकदम थरथरले आणि गप्प झाले. नौमाननं विचारलं, आणि ग्रुप गेला तर रविवारी काय करणार?

बाबालाल म्हणाला, ऐकीन. वीसदा ऐकीन. लिहायला जागा नसली म्हणून ऐकायचं थांबतं काय?

पण हे बोलताना त्याचा आवाज पहिल्यासारखा नव्हता, आणि नौमानच्या उजव्या कानाला ते कळलं. त्यानं पेनड्राइव्ह पिशवीत न ठेवता टेपरेकॉर्डरशेजारी ठेवला. म्हणाला, असू दे हितंच. लागला तर लागला. एवढं बोलून तो दाराशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. माणूस लिहीत असताना त्याच्याकडं बघू नये, एवढं त्याला कळत होतं.

बाबालालनं चौकोन उघडला. पहिलं वाक्य तिथं होतंच, तुम्ही एकोणीस मेलेल्या माणसांना खोटं ठरवलंत. त्यानं ते वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते पुसलं. आरोप खराच होता, पण पाचशे अक्षरांत आरोप आणि कबुली दोन्ही मावत नव्हती, आणि त्याला आधी आपली बाजू साफ करायची होती. बारक्या चौकटीला त्यानं बोट लावलं नाही. चष्मा पुसला. एकेक अक्षर शोधत, कुणाला न विचारता, त्यानं लिहिलं:

'होय, ती एकोणीस खाती मीच चालवली. ती माणसं मेलेली आहेत, खोटी नाहीत. त्यांच्या घरच्यांनी सांगितलं म्हणून केलं. प्रत्येकासाठी गाणं वेगळं ऐकलं. मला बाहेर काढा. पण संघप्रियाताईंचे दोनशे चौदा आवाज त्यांच्या भावाला परत द्या, त्यांचा यात काही दोष नाही. हे मशीन वाचत असेल तर त्यानं बाजूला व्हावं. मी निरोप वाचून गप्प बसलेला माणूस आहे, गप्प बसल्यानं काय होतं ते मला विचारा. मी पंच आहे आणि आज रविवार आहे. हजेरी घेतोय. तुमच्यात एक तरी माणूस आहे का? असेल तर हजर म्हणा.'